चांगली बाजू रस्त्याकडं

लेकींनो, अशा जवळ या बघू. लांबून ओरडून सांगायचं माझं वय राहिलं नाही. अन् बोलले तर राग मानू नका, बोलायसाठीच बोलावलंय. घरं बांधता. फरशीचा रंग बघायला चार गावं हिंडता. ओट्याची उंची नवऱ्याशी भांडून ठरवता, लई चांगलं करता. पण खिडकीच्या झडपा ठरवायची वेळ आली की मिस्त्रीला म्हणता, "लावा तुमच्या मनानं." मिस्त्री राहणार आहे का त्या खोलीत? परवा भाचीच्या नव्या घरी गेले. तिच्या खिडकीची झडप बाहेर उघडली की जिना चढणाऱ्याच्या कपाळावर आपटती. म्हटलं, कुणी ठरवलं गं हे? तर म्हणती, "प्लॅनमध्येच तसं होतं, आत्या."

प्लॅनचं नाव काढलं की माझ्या कपाळाची शीर उठती. आजची नव्हे, लई जुनी आहे ती शीर. ऐका.

एका सकाळी मी माहेरी तेरला आजारी आईला बघून परत कळंबच्या स्टँडवर उतरले. हातातलं गाठोडं खाली ठेवलं नाही तोच अडत बाजारातला एक ओळखीचा हमाल समोर आला. म्हणाला, "मावशे, गफूरसाहेबाच्या घराला काय करून ठेवलंस गं? समदा बाजार त्यांच्या खिडकीत बघाया लागलाय."

"खिडकीत काय बघायचं?"

"पोरी दिसत्यात की आतल्या. उस्तानीबीच्या शाळंतल्या. चार दिस झाले, निम्म्या पोरी येईनात. लोक म्हणत्यात, सुतारणीनं घात केला."

मी तशीच निघाले. गाठोडं त्या हमालाच्या हातात कोंबलं.

आधी मी कोण ते सांगते. मी सरू, सुतारीण. सुताराची बायको म्हणून नव्हे, हातात रंधा धरणारी सुतारीण. मालक गेले तेव्हा धाकटा दीर म्हणाला, "वैनी, हत्यारं इकून टाकू." मी म्हटलं, "भावजी, तुम्ही करवत ओढा. माप, खाचा अन् जोड माझ्याकडं." लोक हसले. बाई रंधा मारती म्हणून कारखान्याच्या दाराशी उभं राहून बघायचे. बघून बघून कंटाळले अन् मग दारं-खिडक्या सांगायला लागले. शाळा मी पाहिली नव्हती. फूटपट्टीवरचे आकडे आधी शिकले, अक्षरं मागनं आली.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याला तेव्हा एक-दोन वर्षं झाली असतील. गफूरसाहेबांचं कळंबात कापडाचं दुकान होतं. माणूस भला. त्यांनी बाजाराच्या रस्त्यावर नवं घर बांधायला काढलं. त्यांची बहीण राबियाबी त्यांच्याकडंच राहायची. पण राबियाबी नाव कुणाला माहीत नव्हतं, सगळं गाव तिला उस्तानीबी म्हणायचं. उस्तानी म्हणजे घरी पोरींना शिकवणारी बाई. कुराण वाचायला शिकवायची, उर्दू लिहायला शिकवायची, अन् हळूच बेरीज-वजाबाकीही शिकवायची. चौदा पोरी होत्या तिच्याकडं. त्यांचे बाप पोरींना शाळेत धाडत नव्हते, उस्तानीबीकडं धाडायचे. कारण एकच. जुनं घर आतल्या गल्लीत होतं, मधे अंगण होतं, अन् तिथं परक्या पुरुषाची नजर पोचत नव्हती.

नवं घर मात्र भर रस्त्यावर. पोरींची खोली रस्त्याच्या अंगाला. अन् बरोबर समोर, उंच ओट्यावर, चहाचं हॉटेल.

एका दुपारी गफूरसाहेब आमच्या कारखान्यात आले. बरोबर एक ओव्हरसियर. ओव्हरसियर म्हणजे बांधकामावर देखरेख करणारा सरकारी माणूस. हे बदली होऊन मुंबईकडून आलेले. दुकानात कापड घेता घेता दोस्ती झाली, अन् त्या दोस्तीपोटी त्यांनी घराचा प्लॅन काढून दिला होता. निळा कागद, वर पांढऱ्या रेघा. तो त्यांनी माझ्या रंध्याच्या पाटावर असा पसरला, जसा काही दस्तऐवजच.

"बाई, हे तुमच्या आवाक्यातलं काम आहे का बघा," म्हणाले. "दर्शनी खोलीच्या दोन खिडक्या. काचेची मोठी तावदानं बसवायची. हवा, उजेड, सगळं मॉडर्न."

"समोर हॉटेल हाय, साहेब."

"मग आतून पडदा लावतील."

"पडदा लावल्यावर उजेड कुठनं येणार?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू रंध्यानंच तोंड उघडलं.

गफूरसाहेब मधे पडले. "सरूबाई, मग फळीच्या झडपा करा. सीधी बात. बंद केल्या की कुणाला काय दिसणार?"

"अन् आत बसणाऱ्याला?"

"चिमणी लावतील."

दिवसाढवळ्या चिमणी! कळंबच्या उन्हात, जिथं सावली शोधावी लागती, तिथं पोरींनी धुरात बसून अक्षरं वाचायची. मी म्हटलं, "झिलमिली करू."

तुम्हाला झिलमिली माहीत नसंल. जुन्या कचेऱ्यांना असायची. झडपेची चौकट करायची अन् तिच्यात फळी न बसवता आडव्या पात्या बसवायच्या, एकाखाली एक, तिरप्या. मधे बोटभर फट. वारा येतो, उजेड येतो, माणूस दिसत नाही. पात्या बाहेरच्या अंगाला उतरत्या ठेवायच्या, छपरासारख्या. मग पावसाचं पाणी बाहेर जातं. रस्त्यावरच्या माणसाची नजर वरून खाली आत घुसायला बघती, ती पातीवर आदळून थांबती. रस्त्यावरचा उजेड मात्र फटीतून वर चढतो, छताला लागतो अन् तिथनं साऱ्या खोलीत सांडतो. म्हणून झिलमिलीच्या खोलीचं छत चुन्यानं पांढरं करायचं. एवढंच शास्त्र.

ओव्हरसियर हसले. "झिलमिली? अहो, ती निजामाच्या जमान्यातली. तो जमाना गेला, बाई."

"जमाना गेला, साहेब. ऊन गेलंय का?"

गफूरसाहेबांनी मान खाली घातली, हसू लपवायला. मी त्यांनाच विचारलं, "त्या खोलीत बसणार कोण?"

"आपा बसती. पोरींना घेऊन."

"त्यांनला इचारलं का, कसली झडप पाहिजे?"

"खिडकीचं आपाला काय विचारायचं?" म्हणाले. वाईट बुद्धीनं नाही हो, भाबडेपणानंच म्हणाले. खिडकी म्हणजे घराचा चेहरा, अन् चेहरा पुरुषांनी ठरवायचा, असंच डोक्यात बसलेलं.

मी फूटपट्टी उचलली अन् म्हटलं, "चला, माप घेते."

आता यातली गोम बघा. पुरुष सुतार अशा घरी गेला की खिडकीचं माप रस्त्यावरनं घेतो. आत बायकामाणसं, त्याला आत जाता येत नाही. आयुष्यभर त्यानं खिडकी बाहेरनंच बघितलेली. मी बाईमाणूस, पडदा सारून सरळ आत गेले. घर अर्धं झालं होतं, पण उस्तानीबींनी त्या खोलीत चटया टाकून शिकवायला सुरुवातही केली होती. खिडक्यांच्या भोकांना गोणपाट लावलेलं. गोणपाटाच्या अंधारात चौदा पोरी डोळे बारीक करून बसलेल्या.

उस्तानीबी मला वरनं खालपर्यंत बघत म्हणाल्या, "सुतारीन? तुम?"

"व्हय. मीच."

"मेरेकू लगा, सुतार की घरवाली आई." मग त्यांनी माझ्या तळहाताचे घट्टे बघितले अन् सरकून चटईवर जागा दिली. "बैठो. तुम बोलो, मेरी बच्च्यां यहां बैठेंगे कैसे? उजाला नक्को बोले तो आंखां जाते. उजाला होना बोले तो इज्जत जाती. एक बाप बी देखा ना सडक पर से, कल से छोकरी बंद."

बाईंनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते त्या निळ्या कागदावर कुठंच नव्हतं.

मी पोरींच्या शेजारी चटईवर बसले. उभ्यानं खिडकी कळत नाही. बसणारा जिथं बसतो तिथं बसावं लागतं. मग भावजींना बोलावून समोरच्या हॉटेलात, रस्त्याकडं तोंड करून बाकावर बसवलं. त्यांच्या डोळ्याशी सुतळीचं एक टोक धरायला लावलं. दुसरं टोक मी खिडकीतून आत ओढलं अन् पुढं बसलेल्या पोरीच्या कपाळाला टेकवलं. ती जुबेदा. नऊ-दहा वर्षांची, सगळ्यांत भराभर वाचणारी. ही सुतळी म्हणजे नजरेची वाट. पाती या सुतळीला आडवी आली पाहिजे, म्हणजे नजर तुटती.

रस्त्यात सुतळी आडवी बघून दोन बैलगाड्या थांबल्या. एक गाडीवान ओरडला, "सुतारणबाई, रस्ता मोजून इकत घेती का काय?"

हॉटेलवाल्याला सारे मामू म्हणायचे. मामू किटली हातात घेऊन बाहेर आला. "बाई, मेरे हॉटेल को रस्सी बांध के ले जाते क्या?"

"व्हय मामू, तुझा चहा प्यायला ओढूनच न्यावं लागतं माणसाला!" भावजी बाकावरनं म्हणाले.

आत पोरी खुसखुसत होत्या. जुबेदानं कपाळावरची सुतळी न हलवता विचारलं, "खाला, हमना बाहर का दिखेगा क्या?"

"उभी राहून खाली बघितलंस तर रस्त्यावरची शेळी दिसंल. शेळीला तू दिसणार न्हाईस."

ती जाम खूश झाली.

मी तीन आठवडे त्या चार झडपांवर बसले. दोन खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा. सागवान जुनं, वाळलेलं, नंतर न आक्रसणारं. पातीची प्रत्येक खाच त्या सुतळीच्या हिशेबानं कोरली. आतल्या बाजूच्या कडा घासून घासून लोण्यासारख्या केल्या, गोल केल्या. का? तर पोरींचे हात लागणार, ओढण्या अडकणार, अन् दिवसभर तीच बाजू त्यांच्या डोळ्यांपुढं राहणार. बाहेरची बाजू जाडीभरडी ठेवली, दोनदा तेल पाजलं. तिनं ऊन-पाऊस खायचा, तिला नटवून काय करायचं? आतल्या बाजूवर पेन्सिलीनं ठळक फुली मारली. ओव्हरसियरांच्या मिस्त्रीला कारखान्यात बोलावून हातानं दाखवलं, "फुली आत. समजलं?" तो म्हणाला, "समजलं."

फिटिंग मीच करणार होते. पण ओव्हरसियर म्हणाले, "भर बाजारात बाई शिडीवर चढलेली बरी दिसत नाही. माझा मिस्त्री करील." गफूरसाहेबही म्हणाले, "सरूबाई, लोक काय म्हणतील?" अन् मी ऐकलं. तेरहून आईच्या आजारपणाचा निरोप आला होता, जीव तिकडं ओढत होता. म्हटलं, चार झडपा अडकवायच्या, त्यात काय. इथं माझं चुकलं. दुसऱ्याची चूक सांगायला बसले तरी माझी झाकणार नाही. ज्यानं माप घेतलं त्यानंच झडप लटकवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, अन् तो मी 'बरं दिसत नाही' या तीन शब्दांपायी मोडला.

आता परत त्या सकाळकडं या. गफूरसाहेबांच्या घरासमोर पोचले अन् रस्त्यातच थबकले. माझ्या झडपा उन्हात चमकत होत्या. लोण्यासारख्या घासलेल्या कडा, पेन्सिलीच्या फुल्या, सगळं रस्त्याकडं! डावी झडप उजवीकडं, उजवी डावीकडं. झिलमिलीची झडप अशी फिरवली की पात्याही फिरतात. बाहेर उतरत्या होत्या त्या आत उतरत्या झाल्या. मी नजरेच्या वाटेला आडव्या घातलेल्या पात्या आता त्याच वाटेनं झोपलेल्या. हॉटेलच्या ओट्यावर चढून बघितलं. खोलीतली चटई दिसत होती. चटईवर कुठली पोर बसती अन् तिच्या ओढणीचा रंग काय, इतपत दिसलं असतं. उघड्या खिडकीत निदान माणूस सावध असतं. झिलमिलीमागं पोरी निर्धास्त बसलेल्या, डोक्यावरनं ओढण्या घसरलेल्या, अन् बाहेर बाजार.

मामू जवळ आला. त्याच्या हॉटेलातले बाक त्यानं भिंतीकडं तोंड करून ठेवले होते. "मैंच फेर दिया, बाई," म्हणाला. "गिऱ्हाईक चिडते, दीवार देख के चाय पीते क्या बोलते. मैं बोला, पीना है तो पीव, नक्को तो जाव."

त्या एका माणसाला लाज होती. बाकी शहाण्यांचं ऐका.

ओसरीवर गफूरसाहेब डोकं धरून बसलेले. शेजारी ओव्हरसियर, खुर्चीत, पाय पसरून. मला बघितलं अन् म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. काच बसवली असती तर ही पाळी आली नसती. बाईच्या हातचं काम म्हणजे असंच."

काच! अहो, काचेतनं तर जेवताना घास मोजता आले असते! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. पण कामाच्या जागी आवाज चढवला की बाई भांडकुदळ ठरती अन् काम बाजूला राहतं, एवढं मी शिकले होते. दात दाबून विचारलं, "माझी झडप कुणी फिरवली?"

"फिरवली? अहो, मिस्त्री उलटी लावायला निघाला होता. मी वेळेवर आलो म्हणून बरं. खडबडीत बाजू रस्त्याला अन् गुळगुळीत आत! चांगली बाजू रस्त्याकडं असते, बाई, एवढं साधं. घर लोकांना दिसायचं असतं."

"अन् फुली?"

"कसली फुली?"

मिस्त्री दाराशी उभा होता. खाली मान घालून पुटपुटला, "म्या सांगितलं व्हतं, सायेब. फुली आत. तुमी म्हनले, मला शिकवतो का."

आतल्या पडद्यामागनं उस्तानीबींचा आवाज आला. त्या पुरुषांपुढं कधी बोलत नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या. "सरूबाई, मेरी नौ बच्च्यां घर बैठ गये. नौ. आज जुबेदा बी नई आई. उसके अब्बा बोले, तुम्हारी उस्तानी बच्च्यां सिखाती या बजार में दिखाती?"

गफूरसाहेबांनी डोळे पुसले. ओव्हरसियर म्हणाले, "लोकांचा गैरसमज आहे. एवढं काही दिसत नाही."

"न्हाय दिसत?" मी म्हटलं. "मग या की. आत बसा."

"मी? तिथं?"

"पोरींच्या चटईवर. खोली मोकळी करून देतात बाई. आत कोण न्हाय, तुमच्याशिवाय."

पडद्यामागनं आवाज आला, "बिठाव साब को."

घरमालक बघतोय, मिस्त्री बघतोय. साहेबांना जावंच लागलं. मी रस्ता ओलांडून हॉटेलात गेले. मामूनं न सांगता एक बाक पुन्हा रस्त्याकडं फिरवला. मी बसले. चार गिऱ्हाइकं मागं येऊन उभी राहिली. मग मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

"साहेब, टोपी काढलीत!"

साहेबांनी झटकन इकडंतिकडं बघितलं.

"आता टकलावरनं हात फिरवला! आता ती टोपी मांडीवर ठेवली!"

मामू किटली खाली ठेवून वाकला. "साब, कमीज का दुसरा बटन तूटेला है. घर में बोलो, लगा देंगे."

बाजार खदाखदा हसला. हमाल हसले, भुसारी हसले. तोवर कुणीतरी ओरडलं, "सायेब, नीट मांडी घाला की, धोतर सुटंल!" साहेब ताडकन उठले अन् बाहेर आले. तोंड लालबुंद. गफूरसाहेबांना म्हणाले, "हा माझा अपमान आहे."

मी ओट्यावरनं उतरले. "साहेब, तुमचा अपमान चहाचा एक घोट सरंपर्यंत झाला. पोरींचा चार दिवस झाला. अन् त्यांना तर माहीतच नव्हतं की होतोय."

त्यांनी छत्री उचलली अन् गेले. माफी? छे. आजतागायत नाही.

मी शिडी मागवली. गफूरसाहेब उठले, "सरूबाई, मिस्त्री आहे की..."

"मिस्त्री खालनं झडप धरील. वर मी चढते. लोकांना काय बोलायचं ते बोलू द्या, त्यांनी मघाशी लई बोलून घेतलंय." कासोटा घट्ट केला अन् चढले. बाजार बघत होता. बघो बापडा. एकेक झडप काढली, फिरवली, डावीची डावीकडं, उजवीची उजवीकडं. पण मिस्त्रीनं बिजागऱ्यांसाठी चुकीच्या बाजूला घरं कोरली होती. ती सागवानाचे तुकडे ठोकून बुजवली, नवी कोरली. लाकूड विसरत नाही हो. ठिगळं राहिली ती राहिलीच. ऊन कलायच्या आत चारी झडपा बसल्या. भावजी हॉटेलात जाऊन बसले अन् ओरडले, "वैनी, आता काय बी न्हाय! निस्तं लाकूड!"

झडपा सरळ झाल्या. पोरी कुठं सरळ येतात?

दोन दिवस वाट बघितली. नऊंपैकी एकही आली नाही. उस्तानीबी पाच पोरींना शिकवत होत्या, पण त्यांचा आवाज पार बसला होता. गफूरसाहेबांना म्हटलं, "त्यांच्या बापांना सांगा की." ते म्हणाले, "सांगितलं. म्हणतात, आता झाकून काय उपयोग."

मग मी स्वतः गेले. नऊ घरी. प्रत्येक बापाला एकच सांगितलं, "माझं ऐकू नका. गफूरसाहेबांचंही ऐकू नका. मामूच्या हॉटेलात या, बाकावर बसा, चहा घ्या, अन् आत किती पोरी आहेत तेवढं मोजून मला सांगा." कुणी दार लावलं. कुणी म्हणालं, "तू सुतारीण, तुला आमच्या घरचं काय?" मी म्हटलं, "माझ्या झडपेपायी तुमची पोर घरी बसली, म्हणून मला." दुसऱ्या दिवशी तिघं आले. बाकावर बसले, वाकून बघितलं, उभं राहून बघितलं. एकजण तर रस्ता ओलांडून खिडकीला डोळा लावायला निघाला. मामूनं त्याची बाही धरली. "चच्चा, इतना पास से तो चोर देखता. तुम बाप है, यहां से देखो." त्याच दुपारी तीन पोरी आल्या. मग दोन. मग आणखी तीन. आठवडाभरात आठ झाल्या. मामूनं सगळे बाक पुन्हा रस्त्याकडं फिरवले.

नववी जुबेदा.

तिच्या बापाकडं मी चारदा गेले. चौथ्या खेपेला म्हणाला, "बाई, खिडकी ठीक झाली, मान्य. पण नाव एकदा तोंडातोंडी गेलं. आता तिच्या चच्चीकडं धाडतो गावी, घरकाम शिकंल." आतल्या दाराशी ती उभी होती. उस्तानीबींनी तिची पाटी अन् अर्धी वाचून झालेली किताब माझ्या हाती धाडली होती, ती मी उंबऱ्यावर ठेवून आले. पुढं तिची गाठ कधी पडली नाही.

आता सांगा, चूक कुणाची अन् घरी बसली कोण? चांगली बाजू बाहेर करा म्हणणारा त्याच खुर्चीत राहिला. मिस्त्रीला दुसरं काम मिळालं. मी शिडीवर चढून नाव कमावलं, बरं का, नंतर आसपासच्या गावातनं मला झिलमिल्या सांगायला लोक यायला लागले. सगळ्यांचं ठीक झालं. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं वाचन तेवढं अर्ध्यावर बंद पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच ओव्हरसियरांचा शिपाई आला. साहेबांच्या राहत्या घराला उन्हाच्या अंगानं झिलमिल्या करायच्या, अमुक माप. मी माप परत धाडलं. सांगितलं, "साहेबांच्या मंडळींना पाठवा. त्या कुठं बसतात, दुपारी कुठं टेकतात ते मला दाखवतील, मग करते." आठ दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी बाई स्वतः आल्या, छत्री घेऊन, घाबरत घाबरत. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणाल्या. अन् मग दोन तास बोलत होत्या. उन्हाची तिरीप कुठल्या वेळी पाळण्यावर येती इथपासून सगळं त्यांना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा लेकींनो, झडप ठरवायची तर कागद मिटून ठेवा. खोलीत जी सगळ्यांत जास्त वेळ बसती ती कुठं बसती ते बघा, तिच्या शेजारी जमिनीवर बसा, मग ठरवा. घासलेली बाजू आत ठेवा. रस्त्यावरनं जाणारा दोन पावलांत निघून जातो, त्याच्यासाठी कशाला घासत बसता? अन् लटकवायला स्वतः उभ्या राहा, बरं दिसो की न दिसो.

बाकीचं नुसतं सांगून कळायचं नाही, लाकडाला हात लावावा लागतो. कारखाना आता पुतण्या बघतो, पण सुतळी कशी धरायची ते मी अजून दाखवू शकते. घराची चौकट उभी राहायच्या आधी या, नंतर येऊन रडू नका. दोन दिवस काढून या, मुक्कामाला या. मला आता जास्त वाट बघायला लावू नका, लवकर या.